माल कुठं बसलाय

मे महिना. प्रतापनगर. लाँड्रीच्या वरचा माझा गाळा,
इस्त्रीची वाफ जिना चढून येते.
कूलरची खस कालच बदलली,
तरी दुपारी दोनला कॅल्क्युलेटर तापलेलाच.

नत्थूजी गिरडकर डोक्याचा दुपट्टा सोडत बसतात.
उमरेडच्या कोळसा खाणीत, वजनकाट्यावर, बत्तीस वर्षं.
ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून दहा लाख, बाँड फंडात.
फंडाचा कागद उलगडून नखानं ओळ दाखवतात:
सरासरी मुदत ९.८ वर्षं,
खाली, ड्युरेशन ६.१.

“एकाच मालाचे दोन वजन काऊन, बाई?
आमच्या काट्यावर असं निघालं असतं
तर सस्पेंड झालो असतो मी.”

मी सुरू करते.
प्रत्येक रोख्याची परतीची तारीख,
तिला त्याच्या वाट्यानं गुणायचं, मग बेरीज.
“म्हणजे पावणेदहा वर्षांनी पैसे येतीन?”
नाही. तेव्हा काहीच येणार नाही.
निम्मे रोखे दोन वर्षांच्या आत सुटतात,
निम्मे पार अठराच्या आसपास.
सरासरी म्हणजे
जिथं एसटी थांबत नाही असं गाव,
फक्त पाटीवर नाव.

आणि ड्युरेशन…
येणारा प्रत्येक रुपया, त्याची आजची किंमत,
तो यायला लागणारा काळ…
इथवर आले की माणसं कूलरकडं बघतात.
अकरा वर्षांत माझं हे वाक्य
एकदाही पूर्ण झालेलं नाही.

नत्थूजींनी पेन मागितला.
कागदाच्या मागं ट्रक काढला.
पुढचं चाक, मागचं चाक.
“दोन्ही अलग अलग काट्यावर घ्या.
गाडी तेवढीच लांब, माल तेवढाच टन,
पण माल बसला कुठं हाय, ते काटा सांगते.
सगळा मागं लादला
तर चढावावर तोंड उचलते गाडी.”

पेन थांबला.
“हे सहा महिन्यांचं व्याज येते ना,
ते म्हणजे केबिनजवळ टाकलेला माल.
म्हणून गाडी लांब, अन् भार थोडा पुढं.
होय का नाही?”

होय.
आणि चढाव म्हणजे व्याजदर, मी म्हणाले.
एक टक्का चढले तर तुमच्या दहा लाखांतले
साधारण एकोणसाठ हजार घसरतात.
ते घाबरले नाहीत.
घसरलेले ट्रक त्यांनी पाहिले होते.

“अन् ज्याच्यात मधात कायीच येत नाही?”
त्याचा सगळा माल शेवटच्या चाकावर.
जेवढी मुदत, तेवढंच ड्युरेशन.

खाली लाँड्रीवाला कुणाचा तरी शर्ट आपटत होता.
“मोठा पोट्टा बंगलोरले हाय,” ते म्हणाले.
“म्हणते, रिटायर झालो का येतो,
तुमच्याचपाशी राहतो.
अजून अठरा वर्षं हायेत त्याले.”
मग पाणी प्यायले.
“लहानी भिवापूरची. दर शनवारी येते,
भांडते, मिरच्या ठेवते, जाते.”

मी त्यांचं वय विचारलं नाही.
फॉर्मवर होतंच. चौऱ्याहत्तर.
शॉर्ट टर्म फंडाचा अर्ज पुढं सरकवला.
त्यांनी चष्म्यातून पाहिला,
परत माझ्याकडं सरकवला.
“राहू द्या. शनवारी पोट्टीले विचारतो.
ते भांडन, पण विचारतो.”

दुपट्टा पुन्हा घट्ट बांधला, कानांवरून.
जिन्यात त्यांची चप्पल बराच वेळ वाजत राहिली,
एक पाय थोडा जड.

कागद टेबलावरच विसरले.
फेकावा म्हणून उचलला, तर मागं ट्रक,
लांबच लांब, शेवटच्या चाकावर एक मोठा दगड.
आणि केबिनच्या अगदी मागं,
वजनाच्या हिशेबात न धरण्याइतकी छोटी,
देठासकट
एक मिरची.